इंग्रजी बोलताना तोंड उघडत नाही? आधी लाजेचं बघा, व्याकरण मागून

तालुक्याच्या गावी स्पोकन इंग्लिशच्या क्लासचे बोर्ड आता एसटी स्टँडपासूनच सुरू होतात. पोट्टे-पोट्ट्या फी भरतात, टेन्स तोंडपाठ करतात, वह्याच्या वह्या भरून टाकतात, आणि मुलाखतीत समोरच्यानं नुसतं 'टेल मी अबाऊट युवरसेल्फ' म्हटलं की घसा कोरडा, स्वतःच्या गावाचं नावही नीट निघत नाही. आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज पंचविशीतल्या पोरानं दहा-बारा वर्षं इंग्रजीचे पेपर दिलेले आहेत, पासही झालेला आहे, तरी बोलायची वेळ आली की 'सर, मराठीत सांगू का'. डोकं कमी नाही, मेहनतही कमी नाही. अडकते ते लाजेपाशी, आणि लाजेचा क्लास कोणी घेत नाही. मी संध्याकाळी अभ्यासिकेत पोरापोरींकडून बोलणं करून घेतो, भाषा शिकण्याच्या मानसशास्त्रावरचं जे हाती लागेल ते वाचतो, त्यातलं जे आपल्याकडे खरंच चालतं ते इथे लिहून राहिलो.

भीती नेमकी कुठे बसली आहे ते आधी शोधा

१९८६ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सोबतच्या दोघांनी परक्या भाषेच्या वर्गातली भीती मोजायला ३३ वाक्यांची एक प्रश्नावली तयार केली. त्या भीतीत त्यांना तीन गोष्टी दिसल्या: समोरासमोर बोलायची भीती, परीक्षेची भीती, आणि लोक आपल्याला काय समजतील याची भीती. त्यांचं मला सगळ्यात पटलेलं म्हणणं असं की एरवी बिनधास्त असलेला माणूसही इथे घाबरू शकतो. पानठेल्यावर सगळ्यांना हसवणारा, ग्रामसभेत सरपंचाला उभं करून प्रश्न विचारणारा पोरगा इंग्रजीत एकदम मुका होतो, कारण आपल्या भाषेत तो हुशार आहे, हजरजबाबी आहे, आणि इंग्रजीत तोच माणूस तीन वर्षांच्या लेकरासारखा तुटक बोलतो. आपण स्वतःला जे समजतो आणि त्या क्षणी जे बाहेर दिसते त्यातलं हे अंतर सहन होत नाही म्हणून तोंड बंद. जो आपल्या भाषेत जास्त तेज, त्याला हे जास्त लागते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तर पहिलं काम हे करा. एक वही घ्या आणि आठवडाभर नुसतं लिहा, इंग्रजी बोलायची वेळ कुठे आली होती, समोर कोण होतं, आणि तोंड उघडलं का नाही. मराठीतच लिहा. आठवड्यानंतर वाचलं की दिसते की भीती सगळीकडे सारखी नाही. एखाद्या पोरीला बँकेच्या मॅनेजरसमोर जमते पण पुण्याहून आलेल्या चुलत भावासमोर जमत नाही. एखाद्याला एकट्या सरांसमोर जमते, वर्गात मागच्या बाकावरून कोणी खुसखुसलं की संपलं. म्हणजे भीती इंग्रजीची कमी आणि त्या दोन-चार माणसांची, त्या एका जागेची जास्त. जागा कळली की सराव तिथून लांब सुरू करता येतो आणि हळूहळू तिच्याकडे सरकता येते.

भीतीनं नेमकं काय बिघडते तेही समजून घ्या, म्हणजे स्वतःला मठ्ठ म्हणणं थांबेल. बोलताना शब्द शोधायला, वाक्य जोडायला डोक्याला जागा लागते, आणि 'हा हसेल का, माझं चुकलं का' ही काळजी त्याच जागेत येऊन बसते. एका लाईनवर दोन मोटरी चालू केल्या तर दोन्ही नुसत्या गुणगुणतात आणि पाणी कोणतीच उचलत नाही, तसंच होते. शब्द डोक्यात असतात. म्हणूनच मुलाखतीतून बाहेर पडून बसमध्ये बसलं की सगळी उत्तरं धडाधड आठवतात.

रात्रीच्या लाईनीवर सराव

आता प्रत्यक्ष बोलायचं कसं. आपल्याकडे शेतीपंपाची लाईन रात्रीची असली की ओलितासाठी वावरात जावंच लागते. त्याच्यासारखी सरावाची जागा शहरातल्या पोराला मिळणार नाही, ऐकणारं कोणी नाही, हसणारं कोणी नाही. जे करताय तेच मोठ्यानं बोला. 'द मोटर इज ऑन. वॉटर इज गोइंग टू द कॉटन. देअर इज अ लीक निअर द वॉल्व्ह, आय अ‍ॅम टाइंग अ क्लॉथ.' चुकलं तर चुकू द्या, पण मोठ्यानं. मनातल्या मनात बोललेलं मोजायचं नाही, कारण आपल्याला जिभेची, घशाची आणि मुख्य म्हणजे स्वतःचा इंग्रजी आवाज स्वतःच्या कानावर पडायची सवय करायची आहे. पहिल्यांदा आपलाच आवाज आपल्याला अनोळखी वाटतो, हा कोण बोलून राहिला असं वाटते, काही दिवसांनी तो आपला वाटायला लागतो. पोरींना रात्री वावरात जाता येत नाही हे माहीत आहे, त्यांनी गच्चीवर, न्हाणीघरात, भाकरी थापताना, कुठेही, पण आवाज काढून.

हे जमलं की मोबाईलवर एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करा. त्याच दिवशी ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका, ताजं ताजं ऐकलं की माणूस स्वतःवर फार चिडतो. मग एका माणसाला पाठवा, एकालाच, आणि तो असा निवडा की जो चूक काढायच्या आधी तुम्ही काय बोलले ते ऐकेल. मग दोघं-तिघं मिळून समोरासमोर. मग अनोळखी माणूस, आणि अनोळखी माणूस मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे सिम कंपनीचं नाही तर बँकेचं कस्टमर केअर. भाषा निवडताना इंग्रजी दाबा आणि खरंच असलेलं एखादं काम विचारा, बॅलन्स का कटला, कार्ड कधी येईल. समोरच्याला ऐकायचा पगार मिळतो, तो तुम्हाला ओळखत नाही, आणि फोन ठेवला की विषय संपला. आमच्याकडे जी पोरं मुलाखतीत टिकली त्यातली बरीच या पायरीवरून गेलेली आहेत. घाई फक्त करू नका, एका पायरीवर छाती धडधडायची कमी झाली की मगच पुढची.

उच्चाराची लाज वेगळी असते, ती जास्त आत लागते. मिशिगनच्या अलेक्झांडर ग्विओरा यांनी १९७२ साली एक प्रयोग छापला होता. थाई भाषा न येणाऱ्या अमेरिकन लोकांना थोडीशी दारू देऊन थाई शब्द म्हणायला लावले, तर त्यांचे उच्चार सुधारले. आपल्या भागात दारूनं किती घरं बसवली ते मला सांगायची गरज नाही, त्यामुळे कोणी उलटा अर्थ काढू नका. त्या माणसाचं म्हणणं एवढंच होतं की 'मी असा बोलणारा माणूस आहे' ही जी आपली स्वतःभोवतीची भिंत असते ती जरा सैल झाली की जीभ मोकळी होते. ती सैल करायचा साधा उपाय नक्कल करणं. न्यूज वाचणारीची नक्कल करा, तुमच्या कॉलेजच्या सरांची करा, एखाद्या क्रिकेटपटूच्या मॅचनंतरच्या बोलण्याची करा. नक्कल करताना चुकलं तर ते त्या पात्राचं चुकते, आपल्याला लागत नाही, आणि तोंडाला मात्र वळण पडते.

कोणासारखं व्हायचं ते चित्र काढा

'इंग्रजी काऊन शिकून राहिला' असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, नोकरीसाठी. ठीक आहे, पण तेवढ्यावर गाडी फार लांब जात नाही. कॅनडात गार्डनर आणि लॅम्बर्ट या दोघांनी १९५९ साली माँट्रियलमधल्या फ्रेंच शिकणाऱ्या पोरांवरचा अभ्यास छापला. एक ओढ कामापुरती असते, नोकरी, पगार, परीक्षा. दुसरी त्या भाषेच्या माणसांत मिसळायची. त्या पोरांमध्ये दुसऱ्या ओढीवाले जास्त चांगले शिकत होते. पण माँट्रियलमध्ये फ्रेंच बोलणारे शेजारीच राहतात. आपण दिग्रस नाहीतर दर्यापूरला बसून कोणत्या इंग्रजांत मिसळणार? हाच प्रश्न हंगेरीच्या झोल्टान डॉर्नेई यांना पडला, त्यांच्याकडेही शाळकरी पोरं इंग्रजी शिकत होती आणि आजूबाजूला इंग्रजी बोलणारं कोणी नव्हतं. हजारो विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००५ साली त्यांनी मांडलं की खरी ओढ असते ती आपल्याच एका पुढच्या रूपाची, ती भाषा बोलणारा मी. त्यांनी त्याच्या शेजारी दुसरं एक रूप ठेवलं, लोकांनी आपल्यावर लादलेलं, बाबा म्हणतात म्हणून, मामाचा पोरगा हिंजवडीत आहे म्हणून, न शिकलो तर नाक कापलं जाईल म्हणून. हे दुसरं रूप माणसाला क्लासची फी भरायला लावते, पण तीन महिन्यांनी पहाटे उठवत नाही.

म्हणून चित्र स्वतःचं काढा आणि ते डोळ्यासमोर येईल इतकं बारीक काढा. 'मला फाडफाड इंग्रजी यावं' हे चित्र नाही. 'नागपूरच्या हॉस्पिटलात नर्सिंगच्या मुलाखतीला बसली आहे, पांढरा कुर्ता घातला आहे, समोर दोन मॅडम आहेत, त्या विचारतात की रात्रपाळीत पेशंट घाबरला तर काय करशील आणि मी सावकाश पाच वाक्यांत उत्तर देते', हे चित्र. 'वरुडच्या संत्र्याचा भाव दिल्लीच्या व्यापाऱ्याला मी स्वतः फोनवर सांगतो, मध्ये दलाल नाही', हेही चित्र. दोन गोष्टी सांभाळा. एक, ते चित्र तुम्हाला स्वतःला खरं वाटलं पाहिजे, सहा महिन्यांत लंडनच्या माणसासारखं बोलायचं चित्र काढलं तर मन आतून म्हणते की हे काही होत नाही, आणि मग ते ढकलतही नाही. दुसरी, चित्राला काम जोडा. नर्सिंगची मुलाखत असेल तर त्या पाच वाक्यांपासून आजच सुरुवात, संपूर्ण व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून नको. आणि हे चित्र रात्री झोपताना दोन मिनिटं बघा, त्यात तुमचा आवाजही ऐकू आला पाहिजे.

आणि मिसळायची ओढ आपल्याकडे नसतेच असंही नाही. आपल्या पवनारचे विनोबा बघा, वेल्लोरच्या जेलमध्ये असताना दक्षिणेच्या चारही भाषा शिकले, कुराण मुळातून वाचायचं म्हणून अरबी शिकले. त्यांना कोणती परीक्षा द्यायची होती? माणसांपर्यंत जायचं होतं. तुम्हाला एखाद्या विषयाची अशी ओढ असेल, यूट्यूबवर कोणी परदेशी शेतकरी ठिबक दाखवते आणि तुम्हाला कमेंटमध्ये त्याला विचारावंसं वाटते, तर तिथूनच सुरू करा, क्लासपेक्षा लवकर शिकाल.

वऱ्हाडी सोडायची नाही

हे मी मुद्दाम वेगळं लिहितो कारण याच्यानं मला राग येतो. आपल्या पोराची पहिली जखम इंग्रजीची नसतेच. तो कॉलेजला पुण्याला जातो, तोंडातून 'मले', 'तुले', 'काऊन' निघते आणि रूमवरची पोरं हसतात, कोणी म्हणते 'गावठी भाषा'. मग तो घरी फोनवर मायशी बोलतानाही कोपऱ्यात जाऊन बोलतो. ज्याला आपल्याच बोलीची लाज बसली त्याच्यावर आणखी एक भाषा चढवायची म्हटली की तो आधीच वाकलेला असतो. वर ज्या लॅम्बर्ट यांचं नाव आलं त्यांनीच पुढे सांगितलं की दुसरी भाषा पहिलीत भर घालणारी असू शकते आणि पहिलीला खाऊन टाकणारीही असू शकते, आणि पहिल्या भाषेला घरात-समाजात मान असेल तर भर पडते. तर करायचं काय, इंग्रजीचा सराव संपला की त्याच ग्रुपवर पाच मिनिटं वऱ्हाडीत बोला, झाडीपट्टीतले असाल तर झाडीबोलीत, मोठ्यानं, मोकळ्या मनानं. गाडगेबाबांनी कीर्तनं वऱ्हाडीतच केली आणि मुंबईच्या लोकांनीही ती ऐकली. इंग्रजी बोलणारा नवा माणूस व्हायला जुना माणूस मारावा लागत नाही.

आणि 'मला इंग्रजीतलं काहीच येत नाही' हे वाक्य तर बंदच करा. मोटर, स्टार्टर, फेज, फ्यूज, ट्रान्सफॉर्मर, स्प्रे पंप, सबसिडी, लोन, फॉर्म, डिपॉझिट, सिग्नेचर, रिचार्ज, ऑपरेशन, सलाईन. दिवसभरात तोंडात येणारे असे शंभर शब्द लिहून काढा, म्हातारी आजीही त्यातले पन्नास बोलते. यांच्यापासूनच वाक्यं बनवायची आहेत, शून्यापासून कोणालाच सुरुवात करायची नाही.

घरच्या बायांसाठी

ज्या ताईंची लेकरं सेमी इंग्लिशला आहेत त्यांचं दुखणं कोणी विचारत नाही. लेकरू तिसरीत जाते आणि मायले म्हणते, 'मम्मी, तुझं चुकते, असं नसते म्हणत.' ती हसण्यावारी नेते आणि त्या दिवसापासून त्याच्यासमोर इंग्रजीचं पुस्तक उघडत नाही. बॉनी नॉर्टन यांनी कॅनडात बाहेरदेशांतून आलेल्या बायांवर अभ्यास केला होता, १९९५ साली छापला. त्यातली एक बाई हॉटेलात काम करायची, सोबतची पोरं-पोरी गप्पा मारत बसायची आणि सगळं काम तिच्यावर टाकायची, इंग्रजी कच्चं म्हणून ती बोलणार नाही हे त्यांना माहीत. एक दिवस तिनं सुनावलं, कारण तिच्या मनात आलं की ही तर माझ्या लेकापेक्षाही लहान आहे. तिथे ती कच्च्या इंग्रजीची कामवाली म्हणून उभी नव्हती, आई म्हणून उभी होती. ताई, तुम्हीही तशाच उभ्या राहा. लेकराला सांगा, 'तू मला रोज एक धडा वाचून दाखव आणि मी तुला इंग्रजीतच प्रश्न विचारीन', प्रश्न साधे ठेवा, हू, व्हॉट, व्हेअर, व्हाय. त्यानं उच्चार सुधारला तर 'बरं, सांग पुन्हा' म्हणा. विचारणारी तुम्ही आहात, त्यामुळे मान तुमच्याकडेच राहते, आणि लेकराचाही अभ्यास होते. बचत गटाच्या मीटिंगमध्ये दहा मिनिटं असं करणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत, तिथे हसू येते पण ते सोबतीचं हसू असते.

मजा आणि खंड

भीती पूर्ण गेल्यावर बोलू असं ठरवलं तर तो दिवस येत नाही. डेवेल आणि मॅकिन्टायर यांनी २०१४ मध्ये जगभरातल्या हजारावर शिकणाऱ्यांना विचारून दाखवलं की मजा आणि भीती एकाच वेळी असू शकतात, एक वाढली म्हणून दुसरी आपोआप जात नाही. म्हणून भीतीशी झगडत बसण्यापेक्षा मजा वाढवायची. आमच्या पोरांचा आवडता खेळ म्हणजे मॅचचा आवाज बंद करून स्वतः इंग्रजीत कॉमेंट्री करायची, दोन-दोन ओव्हर एकेकानं. विदर्भानं रणजी तीनदा जिंकली, २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ ला, त्यांच्या जुन्या मॅचच्या क्लिप लावा, पोरं उभं राहून ओरडतात आणि आपण इंग्रजीत ओरडून राहिलो हे विसरून जातात.

खंड पडणारच. जून-जुलैत पेरणी, डवरणी, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन आणि कापूस, त्या दिवसांत रोज एक तास अभ्यास हा नियम टिकत नाही आणि नियम तुटला की माणूस स्वतःला आळशी ठरवून सोडूनच देतो. म्हणून नियमच हंगामाचा करा. कामाच्या दिवसांत फक्त ऐकणं, वेचणी करताना मोबाईलवर इंग्रजी काहीतरी चालू. उन्हाळ्यात बोलणं वाढवा. आणि खंडानंतर पुन्हा सुरू करताना जिथे सोडलं तिथून नका करू, दोन पायऱ्या मागून करा, सोपं जमलं की हुरूप येते.

ऐकणाऱ्यांनी काय करायचं

सर, मॅडम, मोठे भाऊ, हे तुमच्यासाठी. बोलणाऱ्याला मध्येच तोडू नका. त्याचं संपू द्या, आधी तो जे बोलला त्याच्यावर काहीतरी बोला, 'अच्छा, मग विहिरीला पाणी लागलं का', आणि मग एकच चूक सांगा, एकच, ती पण जिच्यानं अर्थ बदलत होता ती. हसणाऱ्याला मात्र त्याच क्षणी थांबवा, नंतर नाही.

आणि हे फक्त इंग्रजीपुरतं नाही. मेळघाटात कोरकू बोलणारं, पांढरकवड्याकडे कोलामी बोलणारं, गडचिरोलीत गोंडी बोलणारं लेकरू पहिलीत येते तेव्हा त्याच्यासाठी मराठी तीच जागा घेते जी आपल्यासाठी इंग्रजी घेते. ते गप्प बसते आणि आपण म्हणतो याला काही समजत नाही. ते ऐकून राहिलं असते. त्याला गप्प राहू द्या, हातानं दाखवून उत्तर देऊ द्या, आणि त्याच्या भाषेतले दहा-वीस शब्द तुम्ही त्याच्याकडून शिका, तुमचे उच्चार चुकतील आणि लेकरू दुरुस्त करेल, त्या दिवसापासून ते बोलायला लागते.

अडकलात तर

शेवटी ऐनवेळची सोय. तीन वाक्यं इतकी पाठ करा की झोपेत निघाली पाहिजेत: 'लेट मी से दॅट अगेन', 'आय नीड अ मोमेंट टू थिंक' आणि 'कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन'. अडकलं की माणूस सॉरी सॉरी करते, सॉरी म्हणू नका, यातलं एक वाक्य म्हणा आणि श्वास पूर्ण बाहेर सोडा, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं महत्त्वाचं. या वाक्यांचा सराव असा करा की सोबत्यानं मुद्दाम मध्येच अवघड काहीतरी विचारायचं आणि तुम्ही अडकायचं, आठ-दहा वेळा मुद्दाम अडकलात की खऱ्या ठिकाणी अडकल्यावर काय करायचं ते तोंडाला माहीत असते. कोणी हसलंच तर वाक्य अर्धं सोडू नका, चुकीचं असलं तरी पूर्ण करा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी वहीत नोंद करून तेच वाक्य तुमच्या ऐकणाऱ्या माणसासमोर दोनदा म्हणा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.